गाण्यावर घर चालवायचं तर: मराठी गायक-वादकांसाठी डिजिटल कमाईची सविस्तर माहिती

स्ट्रीमिंगवर गाणं टाकलं आणि दर महिन्याला पैसे यायला लागले, असं होत नाही. एका ऐकण्यामागे अमुक इतके पैसे असा ठरलेला दर कुठेच नसतो. जाहिराती आणि वर्गणीतून जमलेल्या रकमेतला हक्कधारकांचा वाटा एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात वाटला जातो. भारतात वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे बहुसंख्य, त्यामुळे इथल्या एका ऐकण्याचं मोल रुपयांत नाही, पैशांत मोजावं लागतं. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे, की मागच्या १२ महिन्यांत एखादं गाणं किमान १००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळतच नाही.

तरीही आज गाण्या-वाजवण्यावर घर चालू शकतं. ते चालतं शिकवणी, कार्यक्रम, दुसऱ्यांसाठी केलेलं रेकॉर्डिंग, यूट्यूब आणि रॉयल्टी या सगळ्यांच्या बेरजेतून. या बेरजेत पैसा गळतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: गाणं कोणाचं आहे हे कागदावर लिहिलेलं नसतं आणि जिथे नोंदवायला हवं तिथे नोंदवलेलं नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू. उदाहरण म्हणून एक अभंग घेऊ, जो तुम्हाला आषाढीसाठी रेकॉर्ड करायचा आहे.

शब्द कोणाचे, चाल कोणाची

एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात. शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. चौथा गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क, तो आणखी निराळा. भारतीय कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो (मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून), रेकॉर्डिंगचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, आणि सादरीकरणाचा ५० वर्षं.

तुकोबांचा अभंग घेतलात तर शब्द सर्वांना खुले आहेत. पण तुमच्या कानात जी चाल बसली आहे ती बहुधा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते, आणि तिचा हक्क जिवंत असतो. 'अभंग तर पारंपरिक आहे' असं म्हणून ती चाल उचलली की यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा ठरलेला. 'पारंपरिक' लिहिण्याआधी चाल कोणाची हे शोधाच. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर, आकाशवाणीच्या निवेदनात किंवा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या शोधात बहुतेकदा नाव सापडतं.

संतांचं म्हणून सगळंच खुलं नसतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ साली झालं. त्यांच्या भजनांच्या शब्दांची मुदत २०२८ अखेर संपते. उलट भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांनी बांधलेल्या नाट्यपदांच्या चाली खुल्या आहेत. पण त्याच पदाचं १९८० सालचं रेकॉर्डिंग खुलं नाही. त्यातला तुकडा घेता येणार नाही, पद नव्याने गाऊन रेकॉर्ड करता येईल.

सर्वांत फायद्याचा मार्ग म्हणजे खुले शब्द आणि स्वतःची नवी चाल. त्यात चालीचा आणि रेकॉर्डिंगचा असे दोन्ही हक्क तुमच्याकडे राहतात.

रेकॉर्डिंगआधी एक पान कागद

हे काम स्टुडिओत शिरण्याआधी करायचं, गाणं चाललं की नंतर नाही. एका पानावर लिहा: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, संगीत संयोजन कोणाचं, गायक, प्रत्येक वादक आणि त्याचं वाद्य. मग दोन वेगळे वाटे लिहा. पहिला शब्द-चालीचा, गीतकार आणि संगीतकार असे दोघे असतील तर साधारणपणे निम्मे-निम्मे. दुसरा रेकॉर्डिंगचा, खर्च कोणी केला, मालक कोण, उत्पन्नातला कोणाला किती टक्के. शेवटी सर्वांच्या सह्या, प्रत्येकाचं पॅनवर आहे तसं नाव आणि यूपीआय किंवा खात्याचा तपशील. फोटो काढून सगळ्यांना पाठवा.

भांडणं बहुतेक दोन जागी होतात. एक, संगणकावर संगीत संयोजन करणारा मित्र. त्याला एकरकमी मानधन की वाटा, हे आधी ठरलेलं नसतं, आणि प्रोजेक्टची फाइल त्याच्याकडे अडकून बसते. फाइल आणि सगळे ट्रॅक सुटे मिळाले पाहिजेत, हे त्याच पानावर लिहा. दोन, साथीदार. तबला-पखवाजवाल्याला बैठकीचं मानधन दिलं असेल तर 'मानधन पूर्ण मिळालं' एवढी ओळ पुरते, पण त्याचं नाव श्रेयात टाकणं चुकवू नका. नाव नोंदलेलं नसेल तर त्याला त्याच्या सादरीकरणाचा हक्क मागणं अवघड जातं.

घरी रेकॉर्डिंग करताना

दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं उपकरण), एक कंडेन्सर माइक, बंद कपांचे हेडफोन आणि पॉप फिल्टर एवढ्यात अभंगाचं नेटकं रेकॉर्डिंग होतं. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्याच तारेतून मिळणारी वीज) लागतो, तो इंटरफेसवरच असतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. गाताना सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. वरच्या सुरावर कधी आवाज किती सुटेल याचा नेम नसतो.

खोली महाग लागत नाही, मऊ लागते. गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेली मांडणी चालते. लोखंडी कपाट मात्र खोलीबाहेर काढा किंवा त्यावर जाड चादर टाका. डग्ग्याच्या घुमाऱ्याला त्याचं दार झणझणतं आणि तो आवाज नंतर काढता येत नाही. पंखा, फ्रीज बंद.

मोठी गफलत होते ती पट्टीत. जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर नसतात, थोड्या चढ्या असतात. अशी पेटी आणि संगणकातला कीबोर्ड एकत्र वाजला की सगळं गाणं आंबट लागतं, आणि दोष गायकाला मिळतो. मोबाइलच्या ट्यूनरवर पेटीचा काळी एकचा सूर पाहा. पेटी चढी असेल तर तीच प्रमाण माना, कारण तबला, तानपुरा आणि सॉफ्टवेअर तिच्याशी जुळवता येतात, तिला जागेवर बदलता येत नाही. पेटीचा गंधार कानाच्या हिशोबाने लावून घेतलेला असेल तर कीबोर्डचे लांब सूर तिच्या जोडीला ठेवूच नका.

क्रम असा ठेवा: तानपुरा आणि ठेक्याचा कच्चा ट्रॅक, त्यावर पेटी, मग तबला किंवा पखवाज, मग गाणं, शेवटी कोरस आणि टाळ. तबल्याला एक माइक शाईच्या वर वीतभर, दुसरा डग्ग्याकडे. टाळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि वेगळ्या ट्रॅकवर. ते जवळ घेतले तर पूर्ण मिश्रणात फक्त टाळच ऐकू येतात. पावसाळ्यात पुडी ओल धरते आणि सूर उतरतो, म्हणून दर अंतऱ्याआधी तबला तपासा.

अंतिम फाइल डब्ल्यूएव्ही हवी, एमपी३ नाही. आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास आणि सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलच्या आत ठेवा. त्याहून मोठा आवाज दिला तर स्पॉटिफाय तो आपणहून खाली आणतं. दाबून दाबून मोठं केलेल्या आवाजाची चमक गेलेली असते ती परत येत नाही.

गाणं प्रसिद्ध करणं

स्वतंत्र कलाकाराला स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक, जिओसावन यांवर गाणं पोहोचवायला वितरक लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी हे परिचित. डिस्ट्रोकिडची दरवर्षी वर्गणी असते आणि ती थांबली की गाणी खाली उतरू शकतात. सीडी बेबी प्रत्येक प्रकाशनाला एकदाच पैसे घेतं आणि उत्पन्नातून ९ टक्के कापतं. वर्षाला पाच-सहा गाणी करणार असाल तर वर्गणी परवडते. एखादंच करून सोडणार असाल तर एकरकमी बरं.

मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं, चौरस. त्यावर फोन नंबर, संकेतस्थळ किंवा प्रायोजकाचं बोधचिन्ह असलं की वितरक परत पाठवतो. दुसऱ्याने काढलेला विठ्ठलाचा फोटो इंटरनेटवरून उचलू नका; तोही कोणाचा तरी हक्क आहे.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरांचा क्रमांक मिळतो. वितरक तो फुकट देतो. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. उद्या वितरक बदललात तर तोच जुना क्रमांक द्यायचा, नाहीतर आतापर्यंतची ऐकण्यांची मोजणी शून्यावर येते. नावाचं स्पेलिंग पहिल्या गाण्यापासून एकच ठेवा. एका गाण्यात मधलं नाव, दुसऱ्यात नाही, असं झालं की दोन वेगळी कलाकार-पानं तयार होतात, किंवा तुमचं गाणं तुमच्याच नावाच्या भलत्या कोणाच्या पानावर जाऊन बसतं. भाषेच्या रकान्यात 'मराठी' निवडा, हिंदी नाही.

वेळेचं गणित नीट मांडा. आषाढी एकादशीच्या दिवशी आषाढीचं गाणं प्रसिद्ध करणं म्हणजे उशीर. देहू-आळंदीहून पालख्या निघतात त्या एकादशीच्या साधारण १८ दिवस आधी, आणि वारीचे व्हिडिओ, रील्स त्या दिवसापासून सुरू होतात. गाणं प्रस्थानाच्या आठवड्यात सगळीकडे असायला हवं. म्हणून फाइल त्याच्या चार आठवडे आधी वितरकाकडे द्या. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांच्या खात्यातून गाणं प्लेलिस्टच्या संपादकांकडे पाठवायचं असेल तर प्रसिद्धीच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, आणि प्रसिद्ध झालेलं गाणं पाठवताच येत नाही. गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, शिवजयंती, १४ एप्रिल, लग्नसराई, प्रत्येकाचं असंच उलटं वेळापत्रक लावा. अधिक मास आला की सणांच्या तारखा पुढे सरकतात, ते पंचांगात पाहून घ्या.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक ऐकणं मोजलं जातं. रेडिओवर लागतं तसं गाणं असेल तर पहिल्या २० सेकंदांत गायकाचा आवाज येऊ द्या आणि लांब आलापाची वेगळी आवृत्ती काढा. रागसंगीताला हा नियम लावू नका. पण ४० मिनिटांच्या ख्यालालाही एकच ऐकणं धरतात, म्हणून बडा ख्याल, छोटा ख्याल आणि तराणा असे वेगळे ट्रॅक करा.

पैसे घेऊन ऐकणी वाढवून देणाऱ्यांपासून दूर राहा. खोटी ऐकणी सापडली की स्पॉटिफाय वितरकाला दंड लावतं, वितरक तो तुमच्याकडून वसूल करतो आणि गाणं उतरवतो.

आयपीआरएस आणि इसाम्रा

वितरक देतो ते फक्त रेकॉर्डिंगचे पैसे. शब्द आणि चालीचे पैसे वेगळ्या वाटेने येतात. ते गोळा करते आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ही १९६९ पासून मुंबईत आहे. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, कार्यक्रम, यूट्यूब आणि स्ट्रीमिंग कंपन्या यांच्याकडून ती परवान्याची रक्कम घेते. गीतकार आणि संगीतकार सभासद होऊ शकतात. अर्जाला पॅन, ओळखपत्र, बँक खातं आणि प्रसिद्ध झालेल्या रचनांचा पुरावा लागतो.

पुष्कळ जण सभासद होऊन थांबतात. सभासदत्वाने पैसे येत नाहीत, रचना एकेक करून नोंदवाव्या लागतात: नाव, पर्यायी नावं, वाटे आणि आयएसआरसी क्रमांक. आपल्या अभंगात शब्द पारंपरिक म्हणून आणि चाल तुमच्या नावावर नोंदवायची. त्यासोबत वारसाचं नावही द्या.

गायक आणि वादकांच्या सादरीकरणाच्या हक्कासाठी इसाम्रा ही संस्था आहे, इंडियन सिंगर्स अँड म्युझिशियन्स राइट्स असोसिएशन. तुम्ही स्वतःच चाल बांधून गाता तर दोन्ही ठिकाणी नोंदणी हवी.

यूट्यूब

जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं लागतं. दुसरी वाट ९० दिवसांत शॉर्ट्सच्या १ कोटी व्ह्यूजची. त्याआधी ५०० सबस्क्रायबर आणि ३००० तासांवर मेंबरशिप आणि सुपर चॅट (प्रेक्षकांनी थेट पैसे देण्याच्या सोयी) सुरू करता येतात. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. पाच मिनिटांचं गाणं लोक सरासरी अडीच मिनिटं पाहत असतील तर ९६ हजार व्ह्यूज लागतील. तीच सरासरी अर्ध्या तासाच्या रियाजाच्या व्हिडिओला दहा मिनिटं आली तर २४ हजार पुरतात. म्हणूनच नुसती गाणी टाकणाऱ्या चॅनलपेक्षा 'भूपचा रियाज, काळी चार', 'भजनी ठेका सावकाश' असे शिकण्यासाठी पुन्हा पुन्हा लावले जाणारे व्हिडिओ चॅनल लवकर उभं करतात. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनलला मिळतो, शॉर्ट्समध्ये ४५ टक्के.

शीर्षकात आणि वर्णनात देवनागरी आणि रोमन दोन्ही घाला. लोक विठ्ठल तीन-चार प्रकारच्या स्पेलिंगने शोधतात.

कंटेंट आयडी म्हणजे गाणं आपोआप ओळखून हक्काचा दावा लावणारी यूट्यूबची यंत्रणा. तिची कटकट दोन्ही बाजूंनी होते. वितरकाकडून गाणं कंटेंट आयडीमध्ये घातलं की तुमच्याच चॅनलवरच्या व्हिडिओवर दावा येतो. वितरकाला चॅनलचा दुवा देऊन ते दावा न लावायच्या चॅनलांच्या यादीत टाकून घ्या. आणि गाण्यात विकत घेतलेले तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे) किंवा अनेकांना विकलेला बीट असेल तर कंटेंट आयडी लावूच नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कलाकारांवर तुमचे खोटे दावे जातील आणि वितरक तुमचं खातं बंद करू शकतो.

खुल्या अभंगावर कोणी चुकीचा दावा केला तर घाबरू नका. वाद पाच दिवसांच्या आत दाखल केला तर दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. कारण लिहिताना 'पारंपरिक आहे' एवढंच नको. शब्द कोणत्या संतांचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं, हे लिहा. रेकॉर्डिंगआधी लिहिलेल्या पानाचा फोटो इथे कामाला येतो. पण चाल खरोखर दुसऱ्याची असेल तर वाद घालू नका. प्रकरण वाढून चॅनलवर स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याची ताकीद) येते, आणि ९० दिवसांत अशा तीन आल्या की चॅनल जातं.

ऑनलाइन शिकवणी

महिन्याचा किराणा भरण्याची खात्री देणारं काम हेच. न्यू जर्सी, लंडन, दुबई, बंगळुरू, सगळीकडे मराठी घरांत मुलांना गाणं, पेटी, तबला शिकवायचा असतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांचा अभ्यासक्रम धरून शिकवलं तर पालकांना दिशा दिसते. शिवाय महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुणांची सोय आहे, त्यामुळे इथलीही मुलं टिकतात.

झूम जसं उघडतं तसं वापरलं तर गाणं शिकवता येत नाही. त्यातलं गोंगाट कमी करणारं यंत्र तानपुऱ्याचा अखंड सूर पंख्याचा आवाज समजून कापतं. लांब षड्ज मधूनच गायब होतो, मींड तुटते. ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, त्याखालचा हाय-फिडेलिटी मोड चालू करा, इको कॅन्सलेशन बंद करा. हे विद्यार्थ्याच्या बाजूलाही करून घ्या, आणि दोघांनीही हेडफोन घाला, नाहीतर आवाज फिरून परत येतो. वायफायऐवजी केबल लावली तर निम्म्या तक्रारी मिटतात.

आवाज पोहोचायला वेळ लागतो, म्हणून एकत्र गाणं-वाजवणं जमणार नाही. तबला आणि तानपुऱ्याचं अॅप विद्यार्थ्याकडे लावायचं. मग त्याचा गळा आणि ठेका एकत्र तुमच्यापर्यंत येतो आणि तो समेवर येतो की नाही ते कळतं. तुमच्याकडे ठेका लावलात तर विद्यार्थी प्रत्येक वेळी मागेच वाटेल आणि पोराला उगीच बोलणी बसतील.

वेळ ठरवताना विद्यार्थ्याच्या घड्याळाने ठरवा. न्यू जर्सीत शनिवारी सकाळी ९ म्हणजे इथे उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३०, हिवाळ्यात ७:३०. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या आठवड्यांच्या आधी सगळ्या पालकांना निरोप टाका.

फी महिन्याची आगाऊ घ्या, चार तासिकांची. २४ तास आधी कळवलं तर भरपाईची तासिका, नाहीतर नाही. हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. १२ विद्यार्थी, आठवड्याला ४५ मिनिटं, तासिकेला ५०० रुपये असं धरलं तर महिन्याला ३६ तासांत २४ हजार होतात. गळा शिकवणाऱ्याने दिवसाला चार तासांपेक्षा जास्त शिकवू नये, नाहीतर स्वतःचा रियाज आणि कार्यक्रमाचा आवाज दोन्ही जातात.

घरून दुसऱ्यांसाठी वाजवणं

तबला, पेटी, पखवाज, सतार, बासरी यांचे ट्रॅक घरून रेकॉर्ड करून देण्याला मागणी आहे: जाहिराती, पॉडकास्ट, लघुपट, दुसऱ्या गायकांची गाणी. काम घेताना पट्टी, लय, प्रमाण सूर आणि किती आवृत्त्या हे विचारून घ्या. पाश्चात्त्य संगीतकार 'सी शार्प' म्हणेल ते आपलं काळी एक, 'एफ' म्हणजे पांढरी चार, 'जी शार्प' काळी चार. त्याच्या पट्टीचा तबला घरात नसेल तर आधीच सांगा. सगळ्या फाइल गाण्याच्या पहिल्या मात्रेपासून सुरू झालेल्या द्या, मध्ये बराच वेळ शांतता असली तरी चालेल. नाहीतर समोरचा ट्रॅक चुकीच्या जागी बसवतो. निम्मी रक्कम आधी, दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीपासून पैसे.

कार्यक्रम

५० टक्के आगाऊ, उरलेले मंचावर चढण्याआधी. माइक किती, मॉनिटर (मंचावर स्वतःला ऐकायचे स्पीकर) किती, साउंड चेकला किती वेळ, प्रवास आणि राहणं कोणाचं, हे निरोपात लिहून होकार घ्या. आयोजक कार्यक्रमाचं चित्रीकरण करून पूर्ण व्हिडिओ स्वतःच्या चॅनलवर टाकतात. प्रसिद्धीपुरते दोन मिनिटं चालतील, पूर्ण नाही, हे आधीच ठरवा. उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी असते, आणि काही दिवस मध्यरात्रीपर्यंत मिळणारी सवलत पहाटेला लागू होत नाही. मैदानावरची दिवाळी पहाट साडेपाचला ठेवणाऱ्या आयोजकाला हे आठवण करून द्या. गायलेल्या गाण्यांची यादी आयपीआरएसकडे पोहोचेल असं पाहा, त्यात तुमच्याही रचना असतात. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळात पैसे घेऊन गायचं असेल तर पर्यटक व्हिसा चालत नाही. पारंपरिक कलांसाठी पी-३ व्हिसा आहे, आणि तो आयोजकाने काही महिने आधी मागावा लागतो.

कंपनी कराराचा कागद पुढे करते तेव्हा

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क कोणालाही देऊन टाकता येत नाही. वारस आणि कॉपीराइट सोसायटी हेच अपवाद. करारात 'सर्व रॉयल्टी सोडली' असं लिहिलं असलं तरी या हक्काला धक्का लागत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्व' हे दोन शब्द आवर्जून घालतात. ते खोडून ७ किंवा १० वर्षं मागा. कंपनीने एका वर्षात गाणं काढलं नाही तर हक्क परत, हे कायद्यात आहेच, पण 'अन्यथा ठरल्यास' अशी पळवाट आहे, ती करारात शिरू देऊ नका.

आता एक नवं कलम हवंच: माझ्या आवाजाचा वापर कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी किंवा माझ्यासारखा आवाज बनवण्यासाठी लेखी परवानगीशिवाय करता येणार नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या अशा साधनांविरुद्ध अंतरिम मनाई दिली. पण नामवंतांना मिळालेलं संरक्षण आपल्याला आपोआप मिळेल या भरवशावर राहू नका.

कर

मानधन आणि रॉयल्टीतून १० टक्के टीडीएस कापला जातो. एका देणाऱ्याकडून वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त मिळत असेल तर. तो आयकर खात्याच्या ऑनलाइन करपत्रकात (२६-एएस) दिसतो. उत्पन्न करपात्र नसेल तरी विवरणपत्र भरा, नाहीतर परतावा तिथेच राहतो. सगळी उलाढाल मिळून २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. लोककला किंवा शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही; भावगीत, चित्रपटगीतं यात येत नाहीत. अभंगाचा कार्यक्रम कशात धरायचा हे सनदी लेखापालाला विचारून ठरवा. नोंदणी असेल तर परदेशी विद्यार्थ्यांच्या फीसाठी दरवर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यात म्हणून कर शून्य.

यूट्यूबचे पैसे १०० डॉलर जमल्यावर महिन्याच्या २१ ते २६ तारखेत येतात. १० डॉलर जमले की पत्ता तपासायचा पिन पोस्टाने येतो, म्हणून पत्ता पोस्टमनला सापडेल असा लिहा. अॅडसेन्समध्ये (यूट्यूबचे पैसे देणारी गुगलची सेवा) डब्ल्यू-८बीईएन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरा, पॅनसह. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. न भरल्यास जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. हा फॉर्म तीन वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचं प्रमाणपत्र बँकेकडून किंवा पैसे पाठवणाऱ्या सेवेकडून त्याच महिन्यात मागून घ्या. वर्षअखेरीला एकदम मागितलं तर जुन्या नोंदी काढायला वेळ लागतो.